लाजरा काटा

आठवडाभरात कोळशाचा खप कमी व्हायचं सोडून उलट वाढला, तेव्हा स्वरूपाचं तोंड एवढंसं झालं. गोदावरीकाठच्या त्या वीजघरात बॉयलरच्या वाफेचं तापमान अचूक सांगणारा नवा सेन्सर तिनंच हट्टानं बसवून घेतला होता. वाफ पाचशे चाळीस अंशांवर राहिली तर कोळशाचं चीज होतं. खाली गेली की कोळसा जास्त जळतो, आणि फार वर गेली तर नळ्या फुटतात. सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर ते यंत्र काढून परत पाठवायचं, असं चीफसाहेब नरसिंगरावांनी बजावलं होतं. त्या यंत्रासाठी दोन वर्षं तिनं जिवाचं रान केलं होतं.

बिचारीनं सगळा दोष आपल्या सेन्सरलाच दिला. बॉयलरचे जिने चढून-उतरून तारा तपासल्या, जोड तपासले, घामानं निथळली. जिथं आधी बघायला हवं होतं तिथं शेवटी पोचली. कंट्रोल रूममध्ये शिफ्टचे मुख्य कोमुरय्या संक्रांतीची सकिनालू, म्हणजे तांदळाच्या चकल्या, कुरकुर चावत निवांत बसले होते, आणि पडद्यावर आकडा होता पाचशे तीस.

"मामा, दहा अंश कमी का ठेवलेत?"

"कमी कुठं? दाखवतोय पाचशे तीस, म्हणजे आहेत पाचशे चाळीस. आपला काटा लाजरा आहे, पोरी. वरचे दहा आपण मिळवायचे."

स्वरूपाला हसावं की रडावं कळेना. जुना सेन्सर उष्णतेनं थकून दहा अंश कमी सांगायचा. ते गुपित शिफ्ट बदलताना चहाबरोबर एकानं दुसऱ्याच्या कानात घालायची रीतच पडली होती. आता काटा बदलला, पण रीत तशीच राहिली. खरं बोलणाऱ्यालाही या मंडळींनी लाजरा ठरवलं होतं, आणि वाफ खरोखरच दहा अंश थंड होती.

तिनं सगळं समजावलं. कोमुरय्यांनी ऐकून घेतलं, तिच्यापुढे सकिनालूचा डबा सरकवला आणि आकडा होता तिथंच ठेवला. प्रत्येक नवा काटा बसवताना तो अचूक असल्याचं सांगतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांच्या देखत नळी फुटली होती, तो आवाज अजून कानातून गेला नव्हता.

"तुझ्या शब्दावर दहा अंश चढवतो. फुटली तर?"

यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. स्वरूपा त्यांना घेऊन थेट वर्कशॉपमध्ये गेली. तिनं भट्टीत शुद्ध अॅल्युमिनियम वितळवलं आणि काढून ठेवलेला जुना सेन्सर आणि नव्यासारखाच दुसरा राखीव असे दोन्ही त्यात बुडवले. हा धातू सहाशे साठला गोठतो आणि गोठून होईपर्यंत तापमान जागचं हलत नाही, हे तिनं सांगितलं. कोमुरय्या चष्मा सावरून वाकले. दुधावर साय धरावी तसा धातू गोठू लागला. नवा सहाशे साठवर ठाम होता. जुना इतक्या तापात दहाऐवजी बारा अंश खाली कुढत बसला होता.

"अॅल्युमिनियमला लाजबिज नसते तर," ते पुटपुटले.

परत येऊन त्यांनी एकेक अंश चढवत आकडा पाचशे चाळीसवर नेला. त्या शिफ्टभर ते खुर्चीत टेकले नाहीत. काहीही फुटलं नाही, कोळशाचा खप मात्र झपाझप उतरला.

सोमवारी नरसिंगरावांनी नवे आकडे पाहिले आणि सेन्सर राहू द्या म्हणाले. स्वरूपा हरखून आभार मानायला उठली. तेवढ्यात कोमुरय्याच पुढे झाले.

"नुसतं राहू द्या काय, सर? दुसऱ्या बॉयलरला कधी बसवताय ते सांगा. तिथं माझा जावई काम करतो."