अंड्यांखालचा खिळा

सावित्रीबाईच्या कोंबड्यांना आमच्या गल्लीत सगळे मोजेवाल्या म्हणायचे. होत्याच तशा. ओंजळीत मावतील एवढ्या बुटक्या, रंगानं भाजक्या विटेसारख्या, आणि पायांवर थेट नखांपर्यंत पिसं. दिसायला देखण्या, पण कामाच्या म्हणाल तर अंडं लिंबाएवढं, आणि कापली तर घरात माणशी एक घास. मी तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी भिंतीवरून म्हणाले, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सावित्रीबाई हसली आणि कण्या टाकत राहिली.

त्या कोंबड्या तिच्या पंडितनं आणल्या होत्या. पंडित आणि त्याची बायको कौशल्या दरसाल दसरा झाला की खाली नदीकाठच्या एका सहकारी कारखान्याला ऊस तोडायला जायचे. तिथल्या शेतकी अधिकाऱ्याच्या बंगल्यात ही शोभेची कोंबडी पाळलेली. साहेबाची बदली झाली, तेव्हा बाईंनी पंडितला विचारलं, नेतोस का. पंडितनं दोन कोंबड्या आणि एक कोंबडा झाकणाच्या टोपलीत घातले आणि ट्रकमध्ये सगळ्या वाटेनं टोपली मांडीवर धरून आणली. सावित्रीबाई विधवा बाई, सहा महिने घरात एकटी. आई, तुला सोबत आणली, म्हणाला. तिला दुसरं कुणी काही दिल्याचं मला तरी आठवत नाही.

मग कळलं की या बुटक्यांना एक गोष्ट मात्र फार चांगली येते. त्या खुडूक झाल्या, म्हणजे अंड्यांवर बसायच्या लहरीवर आल्या, की मग जग बुडालं तरी उठायच्या नाहीत. माझी गावरान कोंबडी दोन दिवस बसायची नि तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर हुंदडायची. ही मोजेवाली दाणापाण्यापुरती उठायची आणि पळतच परत यायची. हळूहळू सगळी गल्ली आपली अंडी घेऊन सावित्रीबाईच्या दारात जायला लागली. व्यवहार अर्धलीचा. अंडी आमची, कोंबडी तिची, निघतील ती पिल्लं निम्मी निम्मी. मीही नेली. नावं ठेवणारी पहिली मी आणि अंडी नेणारीही पहिली मीच.

अंड्यांवर बसवायची आमच्याकडे एक रीत आहे. टोपलीत आधी राख, मग बुसकट, आणि त्या बुसकटात एक लोखंडी खिळा नि एक कोळशाचा तुकडा. कोंबडी उबवत असताना आभाळ गडगडलं तर अंड्यातलं पिल्लू आतल्या आत मरतं, अंडं नासतं. खिळा असला की ते अंड्यांना बाधत नाही. माझी आई घालायची, तिची आई घालायची. घालून पाहिलं सगळ्यांनी, न घालता कुणी पाहिलं नव्हतं.

आता त्या वर्षाचं सांगते. लग्नाला चार वर्षं झाल्यावर कौशल्याला दिवस गेले होते. सावित्रीबाईच्या मनात एकच होतं, की या साली पोरीनं पोट घेऊन उसाच्या फडात जाऊ नये. पंडितनं माझ्यादेखत कबूल केलं होतं, पाऊस झाला, कापूस साधला, तर या साली जायचं नाही. रानात धूळपेरणी करून ठेवली होती. आता काय ते आभाळाच्या हातात होतं.

त्याच दिवसांत मुंगसानं तिचा कोंबडा धरला. एक कोंबडी आधीच गेली होती, आता राहिली एकटी म्हातारी मोजेवाली. पण कोंबडा गेल्यावरही आठवडाभराची अंडी फळती असतात, हे सावित्रीबाईला ठाऊक होतं. तिनं तेवढी अंडी ज्वारीच्या डब्यात जपून ठेवली आणि कोंबडी खुडूक होताच तिला त्यांच्यावर बसवली. राख, बुसकट, खिळा, कोळसा, सगळं रीतसर. नातवंडाला खेळायला होतील म्हणाली. ही अंडी नासली की ती जात संपली, पुन्हा असली कोंबडी बीड जिल्ह्यात कुठं मिळायची?

बसवली आणि त्याच दिवशी संध्याकाळी उमापूरच्या अंगाला आभाळ काळं झालं. लांबवर एकदा गडगडलं. गल्लीतली माणसं आनंदानं बाहेर आली. सावित्रीबाईही बाहेर आली, पण ती गेली आमच्या भिंतीमागच्या लिंबाखाली, म्हसोबापुढं. मी भिंतीच्या या बाजूला भांडी घासत होते. मला सगळं ऐकू आलं.

"म्हसोबा, माझी कोंबडी उठस्तवर गडगडू देऊ नको," ती म्हणाली. "एवढं माझं आईक. पुना तुला कायबी मागनार न्हाई."

मी भिंतीवरून डोकं काढलं आणि तिला चांगलंच झापलं. सगळा गाव पावसाकडे डोळे लावून बसलाय, पंडितची पेरणी धुळीत पडलीय, आणि हिला अंड्यांची पडली. तेव्हा ती अगदी भोळेपणानं म्हणाली, पाऊस येऊ दे की, पावसाला कोण नको म्हणतंय, नुसतं गडगडू नको म्हणाले. मला हसू आलं. मी घरी मालकांना सांगितलं, तेही हसले.

आभाळ त्या दिवशी सरकलं ते सरकलंच. तीन आठवड्यांनी मोजेवालीनं पिल्लं काढली. चिंचोक्याएवढी, आणि त्या चिंचोक्यालासुद्धा पायमोजे! सावित्रीबाईनं गल्लीभर बोलावून दाखवली. पण तोवर मृग कोरडा गेला होता. पेरलेलं मातीतच करपलं. पंडितनं दुसऱ्यांदा पेरलं, तेही उगवून वाळलं. श्रावणात टँकर सुरू झाला.

आमचे मालक गावच्या दूध संस्थेत मापाला होते. आधी दुधाचे कॅन कमी झाले, मग गाडी एक दिवसाआड यायला लागली, मग मालक नुसते कुलूप उघडून बसायचे आणि कुलूप लावून यायचे. संस्थेचे चेअरमन सुंदरराव. त्यांनी माळावर जनावरांची चारा छावणी काढली. पंडित दोनदा त्यांच्याकडे गेला, चारा मोजायला ठेवा म्हणाला, म्हणजे बायकोला घेऊन जावं लागणार नाही. त्यांनी पाठीवर हात ठेवून हो म्हटलं. छावणी उघडली तेव्हा काट्यावर त्यांच्या सासुरवाडीची दोन माणसं बसली होती. सहकार म्हणजे एकमेकां साह्य करू, फक्त एकमेक म्हणजे कोण हे आधी विचारून घ्यावं.

तेव्हापासून सावित्रीबाई गप्प झाली. मला वाटलं, सुनेची काळजी. टँकरच्या पाण्यातून ती पिल्लांना करवंटीत पाणी ठेवायची आणि तेवढं आपल्या पिण्यातलं कमी करायची. मी म्हणाले, माणसांना नाही नि कोंबड्यांना कशाला. ती म्हणाली, आता यांना मारून काय करू?

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक आला. सावित्रीबाईनं पंडितला खूप विनवलं, हिला इथं ठेव, माझ्याकडं हात करून म्हणाली, ही वच्छला नि मी बघू. पण नवराबायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाला मुकादम घेईना. कौशल्याचं माहेरही त्याच ट्रकमध्ये बसलेलं. कौशल्या चढताना मीच तिला खालून हात दिला. तिनं पिल्लांवर झाकलेल्या डालग्याकडं बोट केलं आणि सासूला म्हणाली, पिल्लं सांभाळा आत्या, आम्ही येईस्तोवर मोठी होतील.

ट्रक गेल्यावर मी सावित्रीबाईला म्हणाले, जा, म्हसोबाला एक नारळ ठेव, पोरगी सुखरूप मोकळी होऊ दे म्हण. ती उठली नाही. मी दोनचार दिवस रोज म्हणाले. शेवटी म्हणाली, माझं मागणं झालंय. मला राग आला. असली कसली आडमुठी बाई, सुनेसाठी एक नारळ फोडवत नाही. मग मीच फोडला. पण परक्या माणसाचा नारळ तो.

पौषात फोन आला, तोही आमच्याच घरी. उसाच्या फडाजवळ पालात बाळंतपण झालं होतं. मुलगी होती. थंडी फार होती म्हणे. पाचवी पुजायच्या आधीच गेली.

सांगायला मला जावं लागलं. सावित्रीबाई अंगणात बसून मोजेवाल्यांपैकी एकीच्या पायातला काटा काढत होती. मी सांगितलं. तिनं तो काटा आधी पुरता काढला, कोंबडी डालग्याखाली सोडली, डालग्यावर दगड ठेवला. मग तिथंच मातीत बसली आणि हंबरडा फोडला. मी तिला धरलं तर ती माझे हात झिडकारत होती आणि डालग्याकडं बघून कपाळ बडवत होती. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

पाडव्याच्या सुमारास पंडित आणि कौशल्या परत आले. कौशल्या वाळून गेली होती. बोलायची नाही. सासूनं ताट वाढलं की खायची, सांगितलं की उठायची. सावित्रीबाई तिच्या डोक्याला तेल लावायची, पाय चेपायची, सासूनं सुनेचे करू नयेत ते सगळे लाड करायची. पण दोघी एकमेकींच्या डोळ्यांकडं बघायच्या नाहीत. पिल्लांतला एक कोंबडा आणि दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, जगल्या होत्या. कौशल्या त्यांच्याजवळून जायची आणि मान फिरवायची.

पुढच्या साली आभाळ वेळेवर आलं. रोहिणीतच रोज संध्याकाळी ढग जमायला लागले. म्हातारी मोजेवाली पुन्हा खुडूक झाली आणि सावित्रीबाईनं तिला अंड्यांवर बसवली. मी माझी चार अंडी द्यायला गेले, तर माझ्या डोळ्यांदेखत तिनं टोपलीतला खिळा आणि कोळसा काढला आणि भिरकावून उकिरड्यावर टाकला. माझी अंडी तिनं घेतली नाहीत.

मी म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं? बसवली कावून मग?"

"गडगडू दे," ती म्हणाली. "मी त्याचं घेतलतं, त्याला वापस देते."

आणि गडगडलं. जवळजवळ रोज गडगडलं. एकदा तर वीज मारुतीच्या देवळामागं पडली, पत्रे थरथरले. सावित्रीबाई उंबऱ्यात बसून टोपलीकडं बघत राहायची, सगळी अंडी नासायची वाट बघत. कोंबडी मात्र पिसं फुगवून तशीच बसलेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

एके सकाळी मी पाणी भरत होते, तर कौशल्याची हाक ऐकू आली. किती महिन्यांनी तो आवाज असा मोठा झाला होता. मी भिंतीवरून बघितलं. ती टोपलीजवळ बसली होती आणि तिच्या ओच्यात पिल्लं. एकेक उचलून बघत होती.

"आत्या, समदी निगाली," ती म्हणाली. "येकबी अंडं नासलं न्हाई."

मी भिंत ओलांडूनच पलीकडे गेले. पोरीचं तोंड इतक्या दिवसांनी माणसासारखं दिसत होतं, आता दोघी हसतील असं मला वाटलं. सावित्रीबाईनं पिल्लं बघितली, पुन्हा पुन्हा बघितली, फुटक्या कवच्या हातानं चाचपल्या. आणि खाली बसून रडायला लागली.

कौशल्या घाबरली. काय झालं, काय झालं, विचारायला लागली. तेव्हा सावित्रीबाईनं सगळं सांगितलं. गेल्या सालची अंडी, उमापूरकडचं आभाळ, म्हसोबापुढं काय बोलली ते. माझ्या मागण्यानं पाऊस गेला, म्हणाली. पाऊस गेला म्हणून तुला फडात जावं लागलं. तुझी लेक माझ्या अंड्यांपायी गेली. मी मधेच म्हणाले, असं कुठं असतं का बाई, साऱ्या जिल्ह्यात पाऊस नव्हता. पण माझं दोघींपैकी एकीनंही ऐकलं नाही.

कौशल्या ओच्यावरचा हात न हलवता बसली होती. रागावेल, ओरडेल, असं मला वाटत होतं. तिनं अगदी हळू विचारलं.

"तुमचं येवढं आईकत हुता तो, तर माज्या लेकराचं कावून न्हाई मागितलं?"

सावित्रीबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"शबूद दिलता," ती म्हणाली. "पुना कायबी मागनार न्हाई म्हनून."

त्या वेळी मला आठवलं, की तो शब्द देताना मी भिंतीपलीकडून ऐकला होता आणि हसले होते. माझं मागणं झालंय, असं ती म्हणाली तेव्हा तिला आडमुठी म्हणणारीही मीच. ती एकटी, दिलेला शब्द धरून, सबंध हिवाळा गप्प बसली होती. एखादी लबाड बाई असती तर देवाला फसवून पुन्हा मागितलं असतं, आणि निदान मागितल्याचं समाधान तरी तिला मिळालं असतं.

कौशल्यानं ओच्यातली पिल्लं एकेक करून कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. शेवटचं पिल्लू तिनं तळहातावर ठेवलं. त्याच्या पायांवरची ओली पिसं आता वाळून मोकळी होत होती.

"पन गडगडलं तरी निगाली की ही," ती म्हणाली.