पेंटरची सही

"कसली पुडी खाल्लीत, ते आधी सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पेंटर खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिला.

सकाळी लाकडाच्या वखारीची भिंत रंगवायला शिडीवर चढलेला असताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो रंगाच्या डब्यासकट खाली आला होता. नशीब चांगलं, खाली भुशाचा ढीग होता. हाडं शाबूत राहिली, पण रक्तदाब असा घसरला की नर्सने यंत्र बिघडलं समजून दुसरं आणलं. आता खाटेच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लग्न झालेली लेक, आणि समोर लेकीच्या वयाची डॉक्टरीण. माणसाने तोंड उघडायचं तरी कसं?

"पित्ताची होती," तो पुटपुटला.

"पित्ताची पुडी घरात डबाभर आहे," बायको म्हणाली. "अहो, खरं बोला ना. जीव जात होता तुमचा!"

डॉक्टरीणबाई शहाण्या. त्यांनी लेकीला पाणी आणायला पाठवलं आणि स्टूल ओढून बसल्या. मग पेंटरने डोळे मिटून घेतले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

दोन वर्षं झाली होती. साखर वाढली, मग छातीत दुखायला लागलं, जिभेखाली ठेवायची गोळी खिशात आली, आणि या सगळ्यात कधीतरी ताठरता गेली ती गेलीच. पेंटरने काय करावं? मी फार घोरतो असं सांगून खाट बाहेरच्या खोलीत नेली. आणि गेला कुणाकडे, तर स्टँडसमोरच्या लॉजमध्ये बसणाऱ्या पुडीवाल्याकडे.

आता यातली गंमत ऐका. पुडीवाल्याची जाहिरात रंगवणारा हाच! लॉजसमोरच्या त्याच वखारीच्या लांबलचक भिंतीवर दर वर्षी त्यानेच लिहायचं: 'निराश का? पुरुषहो, एकदा भेटा. खात्रीचा इलाज. नाव गुप्त राखले जाईल.' छापील फ्लेक्स आल्यापासून हाताने अक्षर काढणारा तो एकटाच उरला होता, आणि अक्षर म्हणजे काय अक्षर! प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक बारीक ब्रश काढून तो 'पेंटर' अशी सही करायचा. शाळेची पाटी असो, सलूनची असो. फक्त त्या एका भिंतीवर त्याने कधी सही केली नव्हती. आणि तरीही रोज येता-जाता आपलंच टपोरं अक्षर वाचून त्याचा त्यावर विश्वास बसला होता. इतकं सुरेख लिहिलेलं खोटं कसं असेल, असं त्याला वाटायचं. दुसऱ्या कुणाला नसतं वाटलं, पण जन्मभर अक्षरावर जीव लावलेल्या माणसाला वाटलं.

"असल्या पुड्यांत बऱ्याचदा ताठरतेचीच गोळी कुटून घातलेली असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ती तुमच्या छातीच्या गोळीबरोबर अजिबात चालत नाही. रक्तदाब एकदम पडतो. वाचलात."

पेंटर बायकोच्या तोंडाकडे बघेना. ती मात्र त्याच्याकडेच बघत होती.

"म्हणजे घोरण्याचं खोटं होतं?"

"हो."

"आणि मी मेली आरशापुढे उभी राहायचे. म्हटलं, झालो आपण म्हाताऱ्या, आता यांना नकोशा झालो." तिचे डोळे भरून आले आणि लगेच रागाने लालही झाले. "दोन वर्षं! एकदा बोलला असता तर जीभ झडली असती का?"

मग तिने पदराने डोळे पुसले आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली. "यावर खरं औषध काय आहे ते सांगा. सगळं सांगा. मी शिवणकाम करते, मापं घेताना लाजत नाही."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आधी साखर आटोक्यात आणायची, रोज चालायचं, तंबाखू बंद. तोंडाने घ्यायच्या चांगल्या गोळ्या आहेत, पण यांच्या हृदयाच्या औषधामुळे यांना त्या बंद. हाताने चालवायचा एक पंप मिळतो, नळीतली हवा ओढून घेतली की रक्त भरतं, मग रबरी कडं चढवायचं, पण अर्ध्या तासाच्या आत काढायचं. इंजेक्शन असतं, ते डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय नाही. आणि कशानेच जमलं नाही तर शस्त्रक्रिया करून आत रॉड बसवतात.

लेक पाणी घेऊन केव्हाची दारात उभी होती. "आई, या वयात कशाला हे सगळं?" ती हळूच म्हणाली. "सोडून द्या ना."

"तुला चष्मा लागला तेव्हा मी म्हटलं का, सोडून दे बघणं?" बायको कडाडली. लेकीने निमूट पाणी पुढे केलं. पेंटरला पडल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

पंप आला. पहिल्या संध्याकाळी काही म्हणता काही जमलं नाही. तो घामाघूम होऊन पंप मारतोय, ती चष्मा लावून माहितीपत्रक वाचतेय, आणि मध्येच दोघांना असं हसू फुटलं की ती नळी सुटून खाटेखाली गडगडत गेली. पण त्या दिवसापासून बाहेरची खाट रिकामी राहिली. पुढे सरावाने हात बसला. कधी जमायचं, कधी नाही, पण नाही जमलं तरी तो उठून बाहेर जायचा नाही. बायकोने स्वतःसाठी निळ्या रंगाचा नवा ब्लाउज शिवला.

आणि एक दिवस पुडीवाला दारात उभा.

"भिंत अर्धी राहिलीय," तो म्हणाला. "नुसतं 'निराश का?' ताजं दिसतंय. बाकीचं कधी रंगवताय?"

"नाही रंगवत. तुमच्या पुडीने मरत होतो मी."

पुडीवाला गोड हसला. "हळू बोला, पेंटर. कशासाठी पुडी घेत होता, ते मला माहितीय. गावात कळलं तर शोभेल का? मी तोंड उघडलं म्हणजे?"

पेंटर घाबरला, खोटं कशाला सांगू. याच भीतीने त्याची दोन वर्षं खाल्ली होती. त्याने मागे पाहिलं. बायकोने मशीन थांबवलं होतं.

"भिंतीवर लिहून सांगायला तुमचं अक्षर गचाळ आहे," पेंटर म्हणाला. "राहू द्या. गावाला मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी त्याने वखारीला शिडी लावली. वखारवाल्याला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, भिंत माझी आहे, लिही काय लिहायचं ते. बायकोने खाली शिडी घट्ट धरली. 'निराश का?' त्याने तसंच ठेवलं. बाकीच्यावर चुना फासला, आणि वाळल्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहायला घेतलं: 'समोरच्या लॉजमधली पुडी मी खाल्ली आणि मरता मरता वाचलो. खऱ्या डॉक्टरला दाखवा. इलाज आहेत.'

माणसं थांबली. कुणी फिदीफिदी हसलं. एकाने शिट्टी मारली. "काका, आता तब्येत कशी आहे?" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या बायकोला विचार!" पेंटर वरूनच ओरडला. खाली बायकोचे कान लाल झाले, पण तिने शिडी सोडली नाही. लॉजच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा बंद झाला.

गर्दी पांगल्यावर एक जाडजूड माणूस मागे रेंगाळला. शिडीजवळ येऊन इकडेतिकडे बघत कुजबुजला, "त्या डॉक्टर कुठं बसतात हो?"

"सरकारी दवाखाना, पहिला मजला, जिन्यासमोर!" पेंटर खणखणीत आवाजात म्हणाला. मग खाली वाकून जरा हळू म्हणाला, "चांगल्या आहेत. घरच्यांना घेऊन जा."

माणूस मान हलवून गेला. पेंटर खाली उतरला, ब्रश पुसायला लागला.

"सही राहिली," बायको म्हणाली.

भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात 'नाव गुप्त राखले जाईल' एवढं चुन्याखालून अजून पुसट दिसत होतं. पेंटरने जाड ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला, आणि त्यावर आपलं नाव लिहिलं. नुसतं 'पेंटर' नाही. आईबापांनी ठेवलेलं, आडनावासकट, पूर्ण.

मग दोघं रस्ता ओलांडून पलीकडे गेली, लांबून वाचता येतंय का ते बघायला.