शहाळं न संपणारे महाराज

गेल्या मार्चात अंबरनाथच्या एका हॉलमध्ये देव मान डोलवत होता आणि तो बघायला बदलापूरहूनसुद्धा माणसं लोटली होती. चौरंगावर शेंदूर फासलेला पितळी मुखवटा. प्रश्न विचारायचा. उत्तर 'हो' असेल तर देव पुढे झुकणार, 'नाही' असेल तर ताठ राहणार. या गर्दीत सगळ्यात पुढे, हात जोडून, मी होतो. मी म्हणजे हरिचंद्र, उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये बावीस वर्षं गाड्यांच्या इंजिनात हवा कोंबणारे टर्बो दुरुस्त करणारा. अक्कल गहाण टाकायची माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती.

आमच्या चिमीला फिट येतात. गोळ्या सुरू झाल्यापासून दीड वर्षात एकही आली नव्हती, पण पोरगी वर्गात पेंगायची आणि मला ते बघवत नव्हतं. गोळ्या बंद करू का, एवढंच देवाला विचारायचं होतं. "ते डॉक्टरला विचारा," असं बायको शलाका चार वेळा म्हणाली होती. चारही वेळा मी टीव्हीचा आवाज वाढवला.

महाराज चौरंगाशेजारी गादीवर होते. ते म्हणे फक्त शहाळ्याच्या पाण्यावर जगत. मांडीत शहाळं, तोंडात स्टीलची नळी. त्यांचा शिष्य यज्ञेश माईकवर सुटला होता, "देखो भक्तजन, ये कॉस्मिक कनेक्शन आहे! महाराज अमृत ओढतात, देव प्रसन्न होतो! फॉरेनचे सायंटिस्ट पण हैराण!"

शलाका आणि चिमीला शेजारी घेऊन मी प्रश्न विचारला. महाराजांनी डोळे मिटून नळी ओढली. देव झुकला.

"झाला फैसला!" यज्ञेश ओरडला. "औषध देवाच्या पायाशी सोडा!"

मी गोळ्यांची पट्टी चौरंगावर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटते सांगायला, पण मला भरून आलं होतं.

"अहो, तासभर बघतेय मी," शलाका माझ्या कानाशी म्हणाली, "एवढं ओढतात, तर शहाळं संपत कसं नाही?" आणि मग मोठ्याने, "महाराज, देव झुकलेला असतानाच पोरीला आशीर्वाद द्या ना."

महाराजांनी नळी न सोडता नुसता हुंकार दिला.

"हुंकार नको. 'आयुष्मान भव' म्हणा. तोंडाने."

शेकडो डोळे महाराजांच्या ओठांवर. "आयुष्मा..." एवढं झालं आणि देव टक्कन सरळ झाला.

तो 'टक्' मी झोपेतसुद्धा ओळखतो. पुढे होऊन मी चौरंगावरचं वस्त्र ओढलं. शहाळ्यातून निघालेली रबरी नळी गादीखालून थेट वेस्टगेटच्या डबीत गेलेली आणि डबीची दांडी मुखवट्याला जोडलेली! वेस्टगेट म्हणजे टर्बोतली झडप. दाब हद्दीबाहेर जायला लागला की ती इंजिनाचा धूर बाजूने सोडून देते. तिला हलवते ही डबी. आत रबरी पडदा आणि स्प्रिंग, बाहेर दांडी. नळीतून हवा ओढली की बाहेरची हवा पडद्याला दाबते आणि दांडी आत खेचली जाते. ओढणं थांबलं की स्प्रिंग तिला परत ढकलते. दुसऱ्या जातीच्या डब्या हवेच्या दाबावर चालतात, दाब मिळाला की दांडी बाहेर येते. पण त्या माणसाने कितीही फुंकलं तरी ढिम्म हलत नाहीत. महाराजांनी माल पारखून घेतला होता, एवढं मानावंच लागेल.

चिमी वाकून बघत म्हणाली, "पप्पा, गॅरेजमध्ये तुम्ही तोंडाने ओढून चेक करता, तीच ना ही?"

"तीच."

"मग तुम्हाला कसं नाही कळलं?"

बावीस वर्षांत अशा हजारभर डब्या मी ओढून बघितल्या असतील. एकीवर कुणी शेंदूर फासला आणि मी पोरीचा जीव तिच्या पायाशी ठेवला.

गोळ्यांची पट्टी मी उचलली. दुपारची गोळी चिमीला तिथेच दिली, सगळ्यांसमोर. पेंग येते हे सोमवारी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी वेळा बदलून दिल्या. पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून हात जोडून सांगतो. देव झुकला तर आधी वस्त्राखाली बघा. ते जमत नसेल तर निदान घरच्या माणसाची शंका ऐका. आणि मुलाचं औषध त्याच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, त्याच्या बापाच्या तर नाहीच नाही.