पंच्याण्णव टक्क्यांची सासू

त्या सकाळी प्रवेश विभागाच्या खिडकीमागे बसलेली बाई चक्क गुणगुणत होती. कारण खडूस मेला होता.

खडूस म्हणजे विद्यापीठाचं जुनं सॉफ्टवेअर. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, तीही त्याची मर्जी असेल तेव्हा. प्रवेशाचं वेगळं, फीचं वेगळं, परीक्षेचं वेगळं. एका घरात तीन जावा आणि तिघींचा आपसांत अबोला. त्यांचे निरोप पोचवायला पोरं. फीची पावती घेऊन या इमारतीतून त्या इमारतीत धावायची, आणि धापा टाकत पोचली की खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी. ज्ञानाच्या दारात आलेल्या माणसाला हडतहुडूत करायचं आणि खापर मशीनवर फोडायचं, ही इथली खरी पदवी. ती सगळ्यांनी पहिल्या वर्गात मिळवली होती.

आता नवी यंत्रणा आली होती. तिन्ही जावा एका ताटात जेवायला लागल्या होत्या. एकदा नाव टाकलं की सगळ्या विभागांत दिसायचं, पोराच्या फोनवर निरोपही जायचा. रांग इतकी भराभर सरकत होती की कुणावर ओरडावं हे शिपायाला कळेना.

"पुढचे," बाई म्हणाली आणि मान वर केली. पुढे तिची सासू उभी होती. इस्त्रीचे कपडे, हातात प्लास्टिकची फाइल.

"आई? तुम्ही इथे? घरी काही झालं का?"

"घरी काय व्हायचंय. मला बोलावलंय." सासूबाईंनी फोन काचेला लावला. 'अभिनंदन. कायदा, प्रथम वर्ष. आपला प्रवेश निश्चित झाला आहे. मूळ कागदपत्रे घेऊन यावे.'

सुनेला लगेच आठवलं. प्रशिक्षणात सगळ्यांना सरावासाठी एकेक विद्यार्थी भरायला सांगितलं होतं. मग काय, हिशेब विभागातल्या एकाने मेहुण्याला चार विषयांत नापास करून घेतलं. हिने सासूला भरलं. घरात मिठाच्या डब्यावरूनसुद्धा वकिली चालायची, म्हणून कायदा. आणि गंमतच करायची तर कंजुषी कशाला, म्हणून पंच्याण्णव टक्के. नोंद 'सराव' आहे अशी खूण तेवढी करायची राहिली. फोन नंबर मात्र खरा टाकला.

"आई, ती गंमत होती हो. मीच केली होती."

"गंमत तू केलीस. बोलावणं विद्यापीठाचं आहे."

"मी रद्द करते, कुणाला कळणार नाही."

तिने बटण दाबलं. सासूबाईंच्या हातातला फोन वाजला. नव्या यंत्रणेत विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय प्रवेश रद्द होत नव्हता. पूर्वी गरिबांच्या जागा रातोरात गायब व्हायच्या आणि कुणाच्या तरी भाच्याच्या नावावर उगवायच्या, म्हणून ही सोय.

"कोड आलाय," सासूबाई म्हणाल्या. "सांगणार नाही."

मागच्या पोरांना मजा वाटायला लागली. "आजी, अजिबात सांगू नका," एकजण म्हणाला.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. चाळिशीत याच खिडकीवर आले होते मी. बारावीचं प्रमाणपत्र असंच घेऊन. तेव्हाचा बाबा मान वर न करता म्हणाला, वय नियमात बसत नाही. घरी कुणाला बोलले नाही. काय सांगणार, हाकललं म्हणून?"

सुनेला हे पहिल्यांदाच कळत होतं. पंधरा वर्षं एका ओट्यावर भांडूनही सासूबाईंनी एवढी एक गोष्ट पदरात बांधून ठेवली होती.

प्रकरण कुलसचिवांच्या केबिनमध्ये गेलं. नव्या यंत्रणेचा इंजिनिअर तिथेच चहा पीत बसला होता. कुलसचिवांनी पडदा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"आजी, पंच्याण्णव टक्के?"

"आजी तुमच्या घरी असेल. मी अर्जदार आहे. आणि टक्के बावन्न आहेत, वरचे सुनेने मायेने घातले."

इंजिनिअरला ठसका लागला. कुलसचिव हसले नाहीत. "खोटी नोंद आहे ही. मॅडम, निलंबन होऊ शकतं तुमचं, माहितीये ना?"

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. "कोड लिहून घ्या," त्या म्हणाल्या आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. "झालं रद्द? आता माझ्या सुनेला काही बोलायचं नाही." त्यांनी फाइलची चेन ओढली आणि उठल्या.

एवढ्या मुकाट्याने ही बाई आयुष्यात कधी उठली नव्हती. सुनेच्या मस्तकात तिडीक गेली.

"बसा आई. साहेब, खोटी नोंद मी केली, काय शिक्षा द्यायची ती मला द्या. आता यांचा खरा अर्ज घ्या. कायद्याच्या जागा रिकाम्या आहेत आणि पात्रता पन्नास टक्क्यांची आहे."

"अहो, पण वयाचा नियम..."

"दाखवा."

कुलसचिवांनी इंजिनिअरकडे पाहिलं. त्याने कप खाली ठेवला. "साहेब, तो नियम मी वर्षभर मागतोय. नव्या यंत्रणेत घालायला लेखी हवा होता. सगळ्या विभागांत फिरलो. सगळे म्हणतात आहे, दाखवत कुणीच नाही. मग जुनं सॉफ्टवेअर उघडून बघितलं. ज्याने बनवलं त्याने वयाच्या रकान्यात पस्तीसच्या पुढचा आकडाच ठेवला नव्हता. बस्स, एवढंच."

म्हणजे नियम नव्हताच. कुणा एकाने आळस केला, मशीनने आकडा घेतला नाही, आणि कारकुनांपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांनी त्या आळसाला कायदा मानून माणसं परत पाठवली. आणि त्यातल्या एकालाही वाटलं नाही की विचारून तर बघावं.

"मग चाळिशीत मला हाकललं ते कशावरून?" सासूबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणूनच कुलसचिवांना तो जड गेला. त्यांनी हात पुढे केला.

"बावन्न टक्क्यांचा पुरावा आहे?"

प्रमाणपत्र टेबलावर आलं. कुलसचिवांनी ते उलटूनपालटून पाहिलं. "मॅडम, तुम्हाला लेखी समज मिळेल. आणि यांचा अर्ज भरून घ्या. आजच."

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "या आत, माझ्या शेजारी बसा, भरून टाकू."

"आत कशाला? मी रांगेतून येते," म्हणत सासूबाई सगळ्यात मागे जाऊन उभ्या राहिल्या. पोरांनी पुढे व्हा, पुढे व्हा म्हणून आग्रह केला. त्यांनी पोरांनाच दटावलं. नंबर लागला तेव्हा काचेपलीकडून सुनेने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि वयाचा आकडा टाकला. एकसष्ट. यंत्रणेने हूं की चूं केलं नाही. फोन वाजला, सासूबाईंनी निरोप दोनदा वाचला आणि खिडकीच्या कठड्याला घट्ट धरून उभ्या राहिल्या. सून उठून बाहेर आली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच दोघींनी एकमेकींना मिठी मारली, तीही भर रांगेत, आणि तीही एकीची फाइल दुसरीच्या बरगडीत रुतत असताना.

"तास सकाळी सातला आहेत," सून डोळे पुसत म्हणाली. "नाश्त्याचं काय करायचं?"

"तुझ्या नवऱ्याला दोन हात आहेत. मीच जन्माला घातलाय, मोजून घेतले होते."

सुनेने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "ऐका, उद्यापासून सकाळी सहाला उठायचं. आईंचा डबा तुम्ही करताय."

"आईचा डबा? आई कुठे चाललीय?"

सासूबाईंनी फोन हातातून घेतला. "कॉलेजात," त्या म्हणाल्या. "आणि भाजीत मीठ बेतानं घाल."