गोळाकरांची खिडकी

बंबला त्याचा ड्रायर परत मिळाला. पण हे मी अजून सांगितलेलं नाही. तेव्हा सध्या बंबची बदली घडीच्या टेबलावर होणार आहे, मामा तसं सगळ्यांसमोर बोलून बसलाय आणि बंबच्या घशाखाली घास उतरत नाहीये, असं धरून चाला.

मामाची लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मागे धुण्याची मशीनं, त्याच्या मागे ड्रायर आणि एका बाजूला घडीचं टेबल. बंब ड्रायर नंबर दोनवर असतो. तापलेल्या चेहऱ्याने दिवसभर एका जागी गप्प उभा राहतो म्हणून तो बंब. घडीच्या टेबलाजवळ वारा येतो, बसायला खुर्ची आहे, कुणीही आनंदाने गेलं असतं. पण तिथे बंबचा थोरला भाऊ आहे, आणि दोघांचा अबोला आहे. भावाने बंबची सायकल न विचारता निळी रंगवली होती. तीही अर्धीच.

आता मोठी चादर एकट्याला घडी करता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, एकमेकांकडे चालत यायचं आणि नाकासमोर नाक आणून कोपरे हातात द्यायचे. दर चादरीला.

"मी नोकरी सोडेन," बंब मला म्हणाला. "पण त्याच्याकडे चालत जाणार नाही."

गुन्हा असा, की ड्रायर नंबर दोनच्या चादरी ओलसर निघत होत्या. त्या ड्रायरचं दार मधेच उघडलं की तो रुसतो आणि गरम व्हायला पहिल्यापासून सुरुवात करतो. मामाचं म्हणणं, बंब दार उघडून बसतो. बंबचं म्हणणं, नाही. शनिवारपर्यंत काय ते सिद्ध करा, दार उघडणारा जाईल घडीच्या टेबलावर, असं मामाने सगळ्यांसमोर फर्मान काढलं.

मी मामाचा भाचा. मला कॉम्प्युटर येतो, म्हणजे घरात कुणाचाही प्रिंटर अडकला की फोन मला येतो. मी मामाला समजावलं, की ड्रायर चालवणारा प्रोग्राम काउंटरवरच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. दार उघडलं, दार लागलं, गरम झालं, असं तो दिवसभर बडबडतो, फक्त ऐकायला कुणी नाही. आपण ऐकणारा बसवू. लॉग, म्हणजे नोंदी, गोळा करणारा प्रोग्राम. त्याला एक लोकल सॉकेट उघडून द्यायचं, म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या आतली एक खिडकी. हा आत बसणार, ड्रायर बाहेरून सांगणार, हा लिहून घेणार.

"माणूस भरवशाचा आहे ना?" मामाने विचारलं.

"प्रोग्राम आहे तो, मामा."

"हो, पण नाव काय त्यांचं?"

खरं नाव उच्चारायला जिभेला गाठ मारावी लागली असती. मी म्हणालो, "गोळाकर."

त्या दिवसापासून मामा मला 'अरे गाढवा' आणि प्रोग्रामला 'अहो गोळाकर' म्हणतो.

सेटिंग तसं सोपं. ऐकायचं कुठे, तर या नावाच्या खिडकीत. लिहायचं कुठे, तर दर दिवशी एका नव्या फाईलमध्ये. खिडकीलाही फाईलसारखंच नाव आणि जागा लागते. मी ती फायलींच्याच शेजारी, त्या कॉम्प्युटरवरच्या 'कामाचं' नावाच्या फोल्डरमध्ये उघडली आणि तोच पत्ता ड्रायरच्या सेटिंगमध्ये घातला. आधी ड्रायरला परवानगी द्यायला विसरलो. त्यामुळे गोळाकर खिडकीत हजर आणि ड्रायरला खिडकीशी यायला मनाई, असा कारभार थोडा वेळ चालला. परवानगी दिली, दार उघडून पाहिलं आणि पडद्यावर ओळ आली: ड्रायर दोन, दार उघडले. बंबने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात फार गरम असतात.

दुसऱ्या दिवशी चादरी ओलसर आणि गोळाकरांची त्या दिवसाची फाईल गायब.

"काय म्हणतात गोळाकर?" मामाने विचारलं.

गोळाकर सुरू होते. तक्रार काही नव्हती. खिडकीच जागेवर नव्हती, आणि हे भिंतीकडे तोंड करून निवांत बसले होते. ड्रायर बिचारा पत्ता शोधत बाहेर फिरत होता. संध्याकाळी मी त्यांना बंद करून पुन्हा सुरू केलं, खिडकी उघडली, ओळ आली. त्याच्या पुढच्या दिवशी तेच.

"त्यांना बंबने फितवलं असेल," मामा म्हणाला.

"कशाने फितवणार? ते जेवत नाहीत."

"म्हणूनच संशय येतो."

शुक्रवारी सकाळी मी काउंटरपाशीच ठाण मांडलं. मामीने रोजच्याप्रमाणे आधी जमीन झाडली, मग काउंटर पुसला, मग बाह्या सावरून कॉम्प्युटरसमोर बसली. 'कामाचं' फोल्डर उघडलं, फायली आकाराप्रमाणे लावल्या आणि ज्यांच्यापुढे शून्य होतं त्या निवडून कचऱ्यात टाकल्या.

"मामी, हे काय?"

"झाडलोट. रिकामं काही ठेवलेलं मला चालत नाही."

"ती खिडकी होती. खिडकीचा आकार शून्यच दिसतो."

"मग मला काय स्वप्न पडणार? आणि ती दुसरी फाईलही रिकामीच होती."

"ती आजची फाईल. दिवस आत्ता सुरू होतोय, म्हणून ती रिकामी होती."

"बघ, म्हणजे मी बरोबरच टाकली."

मी खिडकी आणि फायली कॉम्प्युटरच्या अशा कोपऱ्यात हलवल्या, जिथे मामीचा झाडू पोचत नाही, आणि दोन्हीकडचे पत्ते बदलले.

शनिवारी मामाने सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं. मागे ड्रायर घुमत होता. बंब एका टोकाला, त्याचा भाऊ दुसऱ्या टोकाला, मधे मामा. पडद्यावर ओळ आली: ड्रायर दोन, दार उघडले.

"सापडला," मामा म्हणाला. "हा बघा बंब, ऐन वेळी दार उघडताना."

"मालक, मी इथे आहे," बंब म्हणाला.

मामाने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "गोळाकर खोटं बोलणार नाहीत."

"पण तो इथे उभा आहे," बंबचा भाऊ म्हणाला. बंबकडे न बघता, छताला उद्देशून.

आम्ही सगळे मागे गेलो. ड्रायर नंबर दोन थांबलेला होता, दार सताड उघडं होतं आणि मामी खांद्यापर्यंत आत हात घालून चादरी चाचपत होती.

"ओल्या आहेत," ती आम्हाला म्हणाली. "रोज ओल्याच असतात. म्हणून तर मी रोज येऊन बघते."

"तू बघतेस म्हणून त्या ओल्या राहतात," मामा म्हणाला.

"ओल्या राहतात म्हणून मी बघते."

हे बराच वेळ चाललं. मधल्या काळात ड्रायर गार झाला.

मामा पेचात पडला. ड्रायरचं दार उघडणाऱ्याला घडीच्या टेबलावर पाठवायचं, हे तो सगळ्यांसमोर बोललेला. मामीला तिथे पाठवायचं तर ते तिला सांगायचं कुणी? अखेर तो बंबला म्हणाला, "तू काय उभा आहेस? जा आपल्या ड्रायरवर." बंब गेला. त्याचा भाऊ एक चादर धरून आपल्या नव्या जोडीदाराची वाट बघत राहिला. कुणी येत नाही असं दिसल्यावर मामाच दुसरं टोक धरून त्याच्याकडे चालू लागला.

मामी आता दार उघडत नाही असं तिचं म्हणणं आहे. गोळाकरांचं म्हणणं वेगळं आहे, आणि मामा रोज संध्याकाळी ते मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून सोमवारी तिने एक कागद लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला. तो असा:

प्रति, मा. श्री. गोळाकर, मुक्काम कॉम्प्युटर. विषय: नोंदीतील भाषेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार ही मालकांची पत्नी असून तिचे ड्रायर क्र. २ येथे जाणे-येणे घरगुती स्वरूपाचे आहे. तरी यापुढे 'दार उघडले' अशी नोंद न करता 'चादरींची विचारपूस केली' अशी नोंद करण्यात यावी, व मागील सर्व नोंदींत तसा बदल करून त्याची प्रत मालकांना त्यांच्या तोंडावर वाचून दाखविण्यात यावी, ही नम्र विनंती.