दाराबाहेरचा पाय

पाय दाराबाहेर होता. उन्नतीच्या सँडल, कुणाच्या तरी प्लास्टिकच्या चपला, आणि त्यांच्या शेजारी, बुटाची लेस व्यवस्थित बांधलेला, गुडघ्याखालचा पाय भिंतीला टेकून उभा. महेंद्र ओटीच्या पायरीवरच थबकला. नऊ आठवडे तो दर मंगळवारी मोरिवलीतल्या या घरी येत होता. आज शुक्रवार होता आणि तो न सांगता आला होता.

"मावशी!" त्याने हाक मारली.

आतून काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. दोन्ही हातांवर भार देत, बसल्या बसल्या लादीवरून सरकत ठमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. महेंद्रला बघितलं आणि त्या जागीच थांबल्या. पिठाचे हात त्यांनी लुगड्याला पुसले.

"आज कनाला आयलास? आज तं शुक्रवार."

"पायातल्या यंत्राचा सेल बदलायचाय. पण मावशी, पाय बाहेर का?"

"मंग काय घरान घालू? बूट हाय ना त्याला!"

महेंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ स्वतःचाच भयंकर राग आला.

अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका पुनर्वसन केंद्रात नव्या कृत्रिम पायाचा अभ्यास चालला होता. वीस माणसं आणि वीस पाय. प्रत्येक पायाच्या नळीत पावलं मोजणारं एक बारकं यंत्र. दिवसाची पावलं ठरलेल्या आकड्याखाली गेली की कॉम्प्युटरवर त्या माणसाचं नाव लाल व्हायचं. बारा आठवडे नाव लाल राहिलं, तर पाय परत घेऊन यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचा, असा नियम. ठमाबाईंचं नाव पहिल्या दिवसापासून लाल. महेंद्र फॉर्म काढून विचारायचा, "पाय रोज वापरता ना?" त्या म्हणायच्या, "वापरतंय की." ते खोटंही नव्हतं. मंगळवारी तो यायच्या आधी त्या पाय चढवून ओटीवर बसायच्या आणि त्याच्यासमोर गल्लीच्या टोकापर्यंत ऐटीत चालून दाखवायच्या. तो गेला की पाय काढून दाराशी ठेवायच्या, आपण सगळे चपला ठेवतो तसा.

आणि हे महेंद्रला कळू नये? उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं पाय बनवलेला माणूस तो. तिथले पाय रबराचे, अनवाणी चालायचे. दिसायला ओबडधोबड, पण थेट देवघरापर्यंत जाणारे. कारखाना बंद पडला आणि त्याला ही केंद्रातली नोकरी मिळाली. ओळखपत्र, एसी खोली, 'काका' म्हणणारी शिकलेली पोरं. अट एकच होती. नव्या पायाचा स्क्रूसुद्धा हलवायचा नाही. सगळ्यांचे पाय सारखे राहिले पाहिजेत, नाहीतर अभ्यास कसला? अट त्याला पटलीही होती. हातांना मात्र पटली नव्हती. खिशात स्क्रू फिरवायची जुनी एलन की असायची आणि ती बोटांत फिरवत तो दिवस काढायचा.

"काका, बूट काढून पाय घालता येईल ना?" उन्नतीने आतून येत विचारलं. ठमाबाईंची ही नात. आई लवकर गेली, म्हणून आजीच्याच हाताखाली वाढलेली. "सिंपल आहे."

"सिंपल नाहीये गं. हा पाय बुटाच्या टाचेच्या हिशोबाने बसवलाय. बूट काढला की टाच खाली जाते आणि माणूस मागे फेकला जातो."

"माना इचार!" ठमाबाई म्हणाल्या. "गुरवारी केलंय मी. देवापुढं हात जोरले न् गेले पाठीवर. देव बी घाबरला असल."

उन्नती हसली, पण लगेच गप्प झाली. सोमवारी तिची हळद होती. या घरात पहिली हळद घरातल्या थोरल्या बाईने लावायची, उभं राहून, नवरीच्या डोक्यापासून खाली. मांडवात चपला-बूट घालून कुणी जात नाही.

"माझी सासू उभी राहिली व्हती," ठमाबाई म्हणाल्या. "ऐंशी वर्साची. मी काय सरकत जाऊ पोरीपुढं? दोनशे मानसांसमोर?"

 महेंद्रने सेल बदलला, पाय होता तसा भिंतीला टेकवला आणि ओटीवरूनच शलाका मॅडमना फोन लावला. अभ्यास त्यांचा. वय तिशीच्या आतबाहेर, पण कामाला चोख आणि मनाने वाईट नव्हत्या.

"घरासाठी वेगळा, स्वच्छ बूट दिला तर?" त्यांनी विचारलं.

"बूट तो बूटच, मॅडम. चार स्क्रू आहेत. अर्ध्या तासाचं काम."

"काका, प्लीज. एकाचा पाय बदलला तर बाकीच्या एकोणीस जणांशी तुलना कशी करणार? मी समितीला लिहिते. तीन आठवड्यांत उत्तर येईल."

"हळद सोमवारी आहे."

 "आय ॲम सॉरी, काका."

शनिवारी महेंद्रने घरातल्या कुकरच्या दांडीचा स्क्रू आवळला. मग खिडकीची बिजागरी, मग पंख्याची पाती, मग शेजाऱ्यांच्या गेटची कडी. बायको वेणू बराच वेळ बघत राहिली.

"आता मला पण आवळणार काय?" ती म्हणाली. "काय झालंय ते सांग, नायतर बस एका जागी."

त्याने सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकलं.

"नोकरी जाईल?"

"जाईल."

"मग नको जाऊस," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण तू तर जाणारच. पायात काय घातलंयस बघ."

तो घरातल्या घरात बाहेरचे बूट घालून फिरत होता.

रविवारी सकाळी मोरिवलीत मांडवाचे बांबू उभे राहत होते. महेंद्र ठमाबाईंना घेऊन मागच्या पडवीत बसला. बुटाची लेस सोडून त्याने बूट बाजूला ठेवला. एलन की स्क्रूत बसली आणि हात आपसूक चालू लागले. एक स्क्रू सैल, समोरचा घट्ट. केसभर पुढे, पुन्हा अर्धा केस मागे. त्याने ठमाबाईंना भिंतीला हात लावून उभं केलं, चालवलं, बसवलं, पुन्हा स्क्रू फिरवला. अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं. शेवटी त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि त्या पडवीतून आत गेल्या. स्वयंपाकघर, मधली खोली, देवघर. अनवाणी. देवघराच्या उंबऱ्यापाशी त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. महेंद्र त्यांच्या मागे, हात पुढे धरून उभा, पडल्या तर झेलायला.

"हात खाली कर," त्या वळून न बघता म्हणाल्या. "मी नाय परनार."

"आता यात बूट घालायचा नाही, मावशी. घातलात तर तोंडावर आपटाल. सपाट चप्पल, मागून पट्टा असलेली."

"बरं. तुना कोन रागवंल का रे?"

"नाही," महेंद्र म्हणाला. त्या दिवशीचं एवढंच एक खोटं.

मंगळवारी दुपारी केंद्रात शलाका मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "काका, हे बघितलंत? ठमाबाई! काल चार हजार तीनशे पावलं! मी म्हणत होते ना, सवयीला वेळ लागतो. दहाव्या आठवड्यात वापर सुरू झाला." नाव लाल नव्हतं. हिरवंगार झालं होतं.

महेंद्रने पडद्याकडे बघितलं. तोंड उघडलं नाही तर सगळंच निभणार होतं. ठमाबाईंचा पाय राहणार होता, त्याची नोकरी राहणार होती, मॅडम खूश होणार होत्या. पुढे पुस्तकात लिहिलं जाणार होतं की हा पाय घरात चालतो, लोकांना फक्त सवय व्हावी लागते. मग असेच आणखी हजार पाय बनणार होते आणि हजार दारांबाहेर चपलांशेजारी उभे राहणार होते. खिशातली की त्याने घट्ट धरली.

"मॅडम, सवय नाही झाली. स्क्रू मी फिरवलेत. रविवारी."

त्या सावकाश खाली बसल्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला हे लिहावं लागेल, काका. त्यांची नोंद बाद होईल. पाय परत घ्यावा लागेल. आणि तुम्ही..."

"लिहाच. पण एक करा. बाकीच्यांकडे कुणालातरी ठरलेला वार सोडून पाठवा. न सांगता. घरात नाही, दाराबाहेर बघायला."

त्यांनी पडद्यावरची नावं खालपर्यंत सरकवली. मग म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत तुम्ही आहात. तुम्हीच जा."

पुढचे सहा दिवस महेंद्र बेलवलीपासून उल्हासनगरपर्यंत हिंडला. एकोणीस घरांपैकी अकरा घरांत पाय दाराबाहेर होता. एका ठिकाणी तो पावसापाण्याचा भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, एका ठिकाणी चपलांच्या मांडणीत आडवा. बेलवलीतल्या धर्मराजने तर खालचा कप्पा खास त्याच्यासाठी रिकामा केला होता. शलाका मॅडमनी अकराही फोटो मागून घेतले आणि नव्या फॉर्मचा पहिला प्रश्न स्वतः लिहिला: 'पाय कुठे ठेवता?'

सगळ्यात शेवटी तो ठमाबाईंकडे गेला. उन्नती सासरी गेली होती, मांडव उतरला होता. ठमाबाई ओटीवर बसल्या होत्या आणि पाय मांडीवर होता, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला.

"मॅडमचा फोन आला व्हता," त्या म्हणाल्या. "धुतलाय मी. साबनानं."

"मावशी, मी तुमच्यासाठी रबराचा बनवतो. घरीच. माप आहे माझ्याकडे. दोन महिने लागतील."

"लागूं दे." त्यांनी गाठोडं त्याच्याकडे दिलं, पण हात लगेच सोडला नाही. "उन्नतीच्या डोक्याला हात पोचला माझा. उभ्यानं. इकतं सांग तुझ्या मॅडमला."

मग त्या वळल्या आणि हातांवर भार देत आत सरकत गेल्या. महेंद्रने मान खाली घातली. त्याला ते बघवलं नाही.

केंद्रात पाय जमा करायचा फॉर्म होता. पहिला रकाना, 'स्थिती: स्वच्छ / अस्वच्छ'. त्याने धडपा सोडला. ठमाबाईंनी खरंच घासून धुतला होता. पण पावलावर, बोटांच्या खोबणींत आणि टाचेच्या कडेला हळद तशीच होती. पुसल्याशिवाय पाय कपाटात ठेवायचा नाही, असा नियम. त्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि अंगठ्यावरून एकदा फिरवला. कापूस पिवळा झाला.

तेवढ्यावर तो थांबला. कापूस टाकून दिला, पेन घेतलं, पहिला रकाना तसाच सोडला आणि त्याखालच्या 'घरात वापरला का?' या ओळीत सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'होय'. मग अनवाणी पाय कपाटात, बुटांच्या खोक्यांच्या वरच्या फळीवर उभा ठेवला.