तणसावरची ड्रायव्हरी

मी तुलाराम, वनखात्याच्या आग विझवायच्या गाडीचा ड्रायव्हर. पवनी ते अड्याळ या पट्ट्यात माझ्याइतकी कडक कंबर कोणाची नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. दुसरं कोणी सांगत नसे. खरं म्हणजे तीन वर्षांपासून सकाळी चपलेत पाय घालायलाही मला बायकोची, शकुनबाईची, मदत लागायची.

गाडीची सीट खचली होती. नवी मागायची तर अर्जात कारण लिहावं लागणार, आणि कंबर दुखते असं लिहिणाऱ्या ड्रायव्हरला साहेब नर्सरीत रोपांना पाणी घालायला पाठवतात. गाडी सुटली तर माझ्या गप्पा ऐकणार कोण? सागाची रोपं? म्हणून मी माझं डोकं चालवलं. सीटवर धानाचं तणस, म्हणजे पेंढा, कोंबलं, वरून पोतं शिवलं. पहिला महिना राजासारखा गेला. मग तणस डाव्या बाजूला दबलं, आणि तणसाबरोबर मीही. चालताना इतका डावीकडे झुकायचो की आसगावात डाव्या हाताची घरं मला नम्र समजत आणि उजव्या हाताची गर्विष्ठ.

मार्चात गाडीवरच्या माणसांची तपासणी करायला डॉक्टर रीना मॅडम आल्या. गाडीवरच्या कमलेशला आणि घनश्यामला मी आधीच पढवून ठेवलं होतं की कोणालाच काही दुखत नाही. मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि टेप काढून सीटची उंची मोजायला लागल्या. तेवढ्यात फोन आला. मोहफुलं वेचायला कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला होता आणि आग जंगलात पसरली होती. मॅडम म्हणाल्या, मीही येते.

नाल्यातून, दगडांवरून मी गाडी अशी काढली की वाटेतला बिबट्यासुद्धा बाजूला होऊन उभा राहिला. पोचताच कमलेश आणि घनश्याम आगीपुढचा पाला उडवायचे ब्लोअर पाठीवर बांधून धावले. मी उतरलो नाही. उतरताच येईना. आग विझवून आल्यावर त्या दोघांनीच मला बसल्या आकारात उचललं आणि मोहाखाली ठेवलं. पाय दुमडलेले, हात स्टिअरिंग धरल्यासारखे. मी म्हटलं, जरा सावलीत बसावंसं वाटलं.

मॅडमनी पोतं उसवलं. म्हशीचा एका वेळचा चारा निघाला.

"तुलारामभाऊ, असंच लपवत राहिलात तर मला लिहावं लागेल की ड्रायव्हर बिघडला आहे. खरं सांगितलंत तर लिहीन, सीट बिघडली आहे. किती वर्षं झाली?"

कमलेश आभाळाकडे पाहू लागला.

"तीन," मी म्हणालो. "अन् मॅडम, या दोघायचीबी पाठ दुखते. ब्लोअरचे पट्टे खांद्यात रुतून राहिले."

महिनाभर घरी पडून राहिलो. तोवर नवी सीट आली, ब्लोअरला कमरपट्टे आले, आणि दर दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करायचा नियम आला. गाडी माझ्याच हातात राहिली. आता दर दोन तासांनी मी उतरतो, चालतो आणि कोणता मणका कालच्यापेक्षा कसा आहे ते दोघांना सविस्तर सांगतो. तीन वर्षांचं तुंबलेलं आहे, वेळ लागतोच.

परवा चौथ्या मणक्यापर्यंत आलो होतो, तर कमलेश म्हणाला, "भाऊ, तुम्ही लपवून राहिले होते, तेच बेस होतं."